गोदामामागचं क्रिकेट

मी क्रिकेट शिकले ते नवऱ्याच्या झोपेपायी.

साखर कारखान्याच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, वर पत्रा. हे कारखान्यात पॅनवर होते, म्हणजे उसाचा रस आटवून जिथं साखर शिजवतात तिथं. गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखाना रात्रंदिवस चालायचा आणि पाळ्या फिरत राहायच्या. रात्रपाळी असली की हे सकाळी घरी यायचे, अंघोळ करून दोन भाकरी खायचे आणि पुढच्या खोलीत आडवे व्हायचे. एकदा पॅनवर उभ्याउभ्या ह्यांना डुलकी लागली. नुकसान काही झालं नाही, पण साहेबांनी सगळ्यांसमोर बोलून घेतलं. घरी येऊन ह्यांनी त्यातलं अक्षर काढलं नाही. मला ते शेजारणीकडून कळलं. त्या दिवशी मी ठरवलं, हे दुपारी झोपलेले असताना घरात भांडंसुद्धा वाजू द्यायचं नाही.

भांडी गप्प ठेवता येतात. मुलांचं काय करणार? मुलगी दहा वर्षांची, मुलगा आठ. वसाहतीतल्या शाळेत खोल्या कमी, म्हणून लहान वर्ग सकाळी भरायचे आणि साडेअकराला सुटायचे. ह्यांचा डोळा लागतो न लागतो तोवर ही दोघं दप्तरं आपटत दारात. एकमेकांवाचून त्यांना करमायचं नाही आणि एकमेकांशी पटायचंही नाही. तोंडावर बोट ठेवून ठेवून मी कंटाळले. मग एका दुपारी दोघांना जेवायला घातलं, निवडायची मेथी परातीत घेतली, दार हलकेच ओढून घेतलं आणि दोघांना घेऊन साखरेच्या गोदामामागं जाऊन बसले.

तिथं कुणी यायचं नाही. एका बाजूला गोदामाची लांबलचक भिंत, समोर मोकळ्या जागेचा पट्टा, पलीकडं घायपाताचं कुंपण आणि कुंपणापलीकडं ऊस. कडेला एक कडुलिंब होता, त्याच्या सावलीत मी परात मांडीवर घेऊन बसायची. वसाहतीचं खरं मैदान पुढच्या अंगाला, ऑफिससमोर. पण तिथं मोठी मुलं खेळायची आणि लहानांना उभं करायची नाहीत. मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

मुलाकडं एक बॅट होती. कारखान्याच्या सुतारानं खोक्याच्या फळीची करून दिलेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली. चेंडू रबरी. भिंतीवर कोळशानं तीन उभ्या रेघा ओढल्या की झाले स्टंप. एकानं बॅट धरायची, एकानं चेंडू टाकायचा. पण दोघांत खेळायचं म्हणजे मोठी पंचाईत. चेंडू लांब गेला की टाकणारा त्याच्यामागं धावायचा, तोवर मारणारा इकडून तिकडं पळत रन मोजत बसायचा आणि चेंडू येईपर्यंत त्याचे वीस-पंचवीस झालेले असायचे. मग भांडण. मी मेथी निवडता निवडता निवाडे करायची.

तिसऱ्या-चौथ्या दुपारी मुलगा म्हणाला, "आई, तू नुसतीच बसलीयेस. बॉल तरी आणून दे."

मी उठले. कुंपणापाशी जाऊन चेंडू उचलला आणि तिथनंच मुलीकडं फेकला. तो थेट तिच्या हातात गेला. ती जागची हललीसुद्धा नाही. दोघं माझ्याकडं बघायला लागली.

"आई, परत टाक बरं," मुलगा म्हणाला.

मी परत फेकला. परत तिच्या हातात.

"तुला कुणी शिकवलं?"

"पाखरांनी," मी म्हटलं.

माझं माहेर पारनेरकडचं. पावसाच्या भरवशावरची जिरायती शेती. ज्वारी हुरड्यात आली की पोरीबाळींनी माळ्यावर उभं राहून गोफण चालवायची, नाहीतर पाखरं कणसं मोकळी करून टाकतात. मी सातवीच्या परीक्षेपर्यंत दर हिवाळ्यात माळ्यावर होते. हात बसला होता तो तिथं. लग्नानंतर मी काही फेकल्याचं मला आठवत नव्हतं, पण खांद्याला आठवत होतं.

झालं, मी फिल्डर झाले. थोड्या दिवसांनी मुलगी म्हणाली, आईला बॉलिंगही देऊ या. मी चेंडू घेतला आणि भिंतीवरच्या मधल्या रेघेवर नेम धरून सोडला. बरोबर लागला. मला वाटलं मुलं खूश होतील.

"फेकी!" मुलगा ओरडला. "नोबॉल!"

"अरे, लागला की मधल्या काठीला."

"लागला, पण तू फेकलास. बॉलिंगला हात सरळ पाहिजे. कोपर वाकवायचं नाही."

"कोपर न वाकवता कधी काही फेकता येतं का?"

"फेकायचंच नाहीये, आई. टाकायचंय."

फेकणं आणि टाकणं यातला फरक कळायला मला सगळा डिसेंबर लागला. कोपर सरळ ठेवलं की चेंडू कधी माझ्या पायाशी पडायचा, कधी गोदामाच्या पत्र्यावर जायचा. ज्या हातावर माझा भरवसा होता तोच आडवा येत होता. जन्मात गोफण धरली नसती तर लवकर शिकले असते. मुलगा चिडायचा. "किती वेळा सांगायचं? ऐकतेस की नुसतं बघतेस?" म्हणायचा. हे शब्द माझ्या ओळखीचे होते. पाढे घेताना मी त्याला अस्संच बोलायची, अगदी त्याच सुरात. ऐकताना बरं वाटलं नाही. त्यानंतर पाढ्यांच्या वेळी मी जरा जपून बोलू लागले. निदान तसा प्रयत्न केला.

मुलीची तऱ्हा वेगळी. ती चिडायची नाही, उपाय शोधायची. तिनं एक जुनं वर्तमानपत्र घट्ट गुंडाळून माझ्या कोपराला आतल्या बाजूनं लावलं आणि वरून सुतळीनं बांधलं. आता हात वाकेनाच. त्या अवतारात मी दुपारभर चेंडू टाकले. घरी आल्यावर स्वयंपाकघरात बटाटा हातात घेऊन नुसता हात फिरवायची. कानाला घासून वर, आणि खाली. पाण्याच्या नळावर नंबर येईपर्यंतही हात आपोआप फिरायला लागला. शेजारच्या फिटरच्या बायकोनं ते पाहिलं.

"वहिनी, खांदा धरलाय का हो?"

"हो ना," मी म्हटलं.

संध्याकाळी ती वाटीत निरगुडीचं तेल घेऊन आली आणि बसून माझा खांदा चोळून दिला. इतक्या मायेनं दिला, की मला खरं सांगायचा धीर झाला नाही. तसा खांदा दुखतही होता, त्यामुळं तेल काही वाया गेलं नाही.

दुसरी अडचण पातळाची. माहेरी मी नऊवारी नेसायची, वसाहतीत आल्यावर सगळ्याजणी पाचवारी नेसतात म्हणून मीही पाचवारीवर आले होते. पाचवारीत पाऊल मोठं पडत नाही. धावत येऊन चेंडू टाकायचा म्हटलं की निऱ्या पायात. दोनदा आपटले. मग ट्रंकेतून लुगडी काढली आणि कासोटा घालून नेसायला लागले. बायकांना वाटलं मी कसलं तरी व्रत धरलंय. एकीनं विचारलंही, "कुठल्या देवाचं?" मी म्हटलं, "घरच्याच." तिनं हात जोडले.

बॅट मात्र मला फार उशिरा जमली. चेंडू अंगावर यायला लागला की माझे डोळे मिटायचे. मुलगी लांबून ओरडायची, "आई, डोळे!" मी म्हणायची, उघडेच आहेत. मिटलेले असायचे. शेवटी तिनं सांगितलं, "तू मारू नकोस. बॉल बॅटला लागतो तो आवाज कुठं होतो तेवढंच बघ." आवाज बघ म्हणजे काय ते मला समजलं नाही, पण मी बघायला लागले आणि एक दिवस चेंडू फळीवर येऊन थांबलेला मला दिसला. मारला नव्हता, नुसता अडवला होता. तो पायाशी पडला, थोडा घरंगळला. मुलगा म्हणाला, "ह्याला डिफेन्स म्हणतात." त्या दिवशी मेथी निवडायची तशीच राहिली आणि रात्री पिठलं करावं लागलं.

ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. हे उठायचे तेव्हा आम्ही घरी आलेलो असायचो, मुलं अभ्यासाला बसलेली, मी चुलीपाशी. त्यांना एवढंच वाटायचं की मुलांना आता वळण लागलंय. कळलं ते कारखान्यात. गोदामाच्या हमालांनी पाहिलं होतं, त्यांनी कॅन्टीनमध्ये सांगितलं. सकाळी हे घरी आले ते डबा ओट्यावर ठेवूनच बोलले.

"तू बॉलिंग करतेस?"

"करते."

"लुगडं नेसून?"

"पाचवारीत पडते मी."

हे खाली बसले. मग म्हणाले, "मी नाही म्हणत. लोक म्हणतात. आज पॅनवर मला विचारलं, मंडळी आता कुठल्या टीमकडून खेळणार म्हणून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? साखर बघत होतो, साखर बघितली."

मला राग आला होता, पण मी आवाज चढवला नाही; झोपायची वेळ होती त्यांची. म्हटलं, "ठीक आहे. आजपासून नाही जात." आणि गेले नाही. मुलं घरात राहिली. पहिल्या दुपारी दोघं कुजबुजत भांडली, दुसऱ्या दुपारी मोठ्यानं. तिसऱ्या दुपारी मुलानं चेंडू ह्यांच्या कॉटखाली घातला आणि तो काढायला स्वतःही आत शिरला. हे उठून बसले. डोळे लाल. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मुलाला पायाला धरून बाहेर ओढलं, चेंडू त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "जा. तिघंही जा."

त्याच आठवड्यात हे एका दुपारी झोपेतून उठून गोदामामागं आले. लेंगा-बनियनवर, केस विस्कटलेले. कडुलिंबाला टेकून उभे राहिले. मी चार चेंडू टाकले. मग न राहवून बोलले, "चेंडू शिवणीवर धर ना."

"ह्याला शिवण कुठंय? रबरी आहे."

"मग बोटं पसरून धर."

ह्यांना क्रिकेट सगळं येत होतं, पण कानानं. आदल्याच वर्षी आपला संघ परदेशात जिंकून आला होता, तेव्हा कॅन्टीनमधल्या रेडिओपुढं हे पाळी संपल्यावरही उभे राहायचे. सगळ्या जागांची नावं पाठ, सगळे नियम पाठ. मुलीनं बॅट त्यांच्या हातात दिली. मी टाकलेला पहिला चेंडू त्यांनी सोडून दिला, दुसरा नडगीवर लागला. "एलबी," मुलगा म्हणाला. हे म्हणाले, "लेगस्टंपच्या बाहेर होता," आणि त्यावर त्यांनी इतका वेळ समजावून सांगितलं की ऊन उतरलं. बॅट त्यांना कधी जमली नाही. पण त्या दिवसानंतर कॅन्टीनमध्ये कुणी काही विचारलं की हे म्हणायचे, "हात सरळ येतो आता तिचा." हे मला फिटरच्या बायकोनंच सांगितलं. तोवर खांद्याचं खरं कारण तिला कळलं होतं. ती दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी आपल्या धाकट्याला माझ्यासोबत पाठवायला लागली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झालाच नाही. ते बाहत्तर साल. ऊस जागेवर वाळला, कारखाना उशिरा पेटला आणि संक्रांत झाली नाही तोच बंद पडला. ऊसतोडीच्या गाड्या आल्या तशा परत गेल्या. वसाहतीतल्या नळाला दिवसातून एकदाच पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. हे आता दिवसभर घरी असायचे. दुपारी झोपायची सवय मोडली होती आणि रात्री झोप यायची नाही. आता गोदामामागं जायला तसं काही कारण उरलं नव्हतं. तरी आम्ही जायचो. आम्ही म्हणजे मी आणि मुलगी.

कारण मुलाला दिवाळीतच मोठ्या मुलांनी मैदानावर घेतलं होतं. तो आनंदानं घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आई, एक सांगू? तू तिकडं मैदानावर येत जाऊ नकोस."

"का रे?"

"मुलं हसतात. म्हणतात, तुला आई बॉलिंग शिकवते."

"तू मला शिकवलंस की."

"ते त्यांना कुठं माहितीये?"

मी बरं म्हटलं. वाईट वाटलं, पण नऊ वर्षांच्या मुलाचं ते म्हणणं मला पटलंही. मुलीला मात्र पटलं नाही. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिचा खरा राग वेगळा होता. त्याच्यापेक्षा ती चांगली खेळायची आणि घेतलं त्याला.

फेब्रुवारीत मैदानावर गुरांची छावणी लागली. आजूबाजूच्या गावांतून, पार नेवाशाच्या पलीकडून, लोक गुरं घेऊन आले. दावणी लागल्या, चाऱ्याचे ट्रक यायला लागले. मोठ्या मुलांचं खेळणं बंद झालं. चार दिवसांनी ती सगळी बॅटी-स्टंप घेऊन गोदामामागं हजर. त्यांचा कॅप्टन टाइमकीपरचा मुलगा, नुकतीच मिसरूड फुटलेला. वागायला चांगला, पण कॅप्टन.

"काकू, इथं आता आम्ही खेळणार."

"खेळा की," मी म्हटलं. "आम्हीही खेळतो."

"तुम्ही बसा ना काकू सावलीत. पण हिला... मुली नसतात टीममध्ये."

मुलगी माझ्या पुढं येऊन उभी राहिली. "ही जागा आमची आहे. आधी कोण आलं?"

माझा मुलगा मुलांच्या घोळक्यात मागं उभा होता. जमिनीकडं बघत होता. मी त्याला हाक मारली नाही. कॅप्टनला म्हटलं, "तू बॅट घे. मी टाकते, ही फिल्डिंग करेल. ती तुझ्या कामाची आहे की नाही ते बघ आणि मग ठरव."

मुलं हसली. कॅप्टन हसला नाही, बॅट घेऊन उभा राहिला. सांगायला आवडलं असतं की मी त्याला पहिल्याच चेंडूवर उडवला. तसं काही झालं नाही. त्यानं मला धुतलं. एक गोदामाच्या भिंतीवर, एक कडुलिंबात, एक कुंपणापलीकडच्या वाळक्या उसात. पण सरपटत गेलेले जेवढे चेंडू होते तेवढे सगळे मुलीनं अडवले. एकदा तर ती घायपातात शिरली, दंडावर लांब ओरखडा उठला, आणि तिथनंच तिनं चेंडू असा फेकला की माझ्या मागच्या स्टंपाच्या मुळाशी येऊन पडला. कॅप्टन अर्ध्या वाटेवर पळत होता. तो थांबला.

"फिल्डिंगला घेऊ," तो म्हणाला. "फक्त फिल्डिंगला."

"घ्या," मुलगी म्हणाली. रक्त पुसायलाही ती थांबली नाही.

तिथून एप्रिल संपेपर्यंत ती नुसतं अडवत राहिली. बॅट कुणी देईना. मी एक-दोनदा बोलायला निघाले तर तिनंच थांबवलं. "तू बोललीस की मला कायमचं काढतील." मग मी गप्प सावलीत बसायची. छावणी वाढत वाढत कुंपणापलीकडच्या वाळक्या उसापर्यंत आली होती, मधून मधून चेंडू तिथं जायचा. तिथले एक म्हातारे शेतकरी कुंपणावरून हाक मारायचे, "ओ बाई, तुमचा चेंडू म्हशीखाली हाय! म्हस उठंल तवा दीन." मग सगळा खेळ थांबून म्हैस उठायची वाट बघायची. मुलंही एव्हाना माझ्या असण्याला सरावली होती. कुणाचा बॉलर आला नाही की कॅप्टन म्हणायचा, "काकू, एक ओव्हर टाकता का?" माझा मुलगा तेव्हा लांब जाऊन उभा राहायचा. पण नको म्हणायचा नाही.

एक मेला महाराष्ट्र दिनाला वसाहतीत दरवर्षी झेंडावंदन आणि खेळ व्हायचे. त्या वर्षी कुणाला उत्साह नव्हता. तरी कारखान्याच्या मंडळींनी काढलं, की बाप विरुद्ध मुलं असा सामना ठेवू. काम नाही, ऊस नाही, निदान तेवढंच. सामना गोदामामागंच, दुसरी जागा नव्हती. बाप लोक मोजले तर दहा भरले. बाकीचे कामाच्या शोधात पांगलेले. मुलांचा कॅप्टन म्हणाला, "मग काकूंना घ्या की तुमच्याकडून." कुणीतरी हसलं. हे म्हणाले, "घेतलीच आहे." तेव्हा हसणं थांबलं.

आणि मुलांकडून दोघं आजारी पडली होती, म्हणून त्या दिवशी माझ्या मुलीला पहिल्यांदा बॅट मिळाली. शेवटून दुसरी.

बाप मंडळींनी आधी बॅटिंग केली आणि फार नाही केली. मी शेवटी गेले. दोन चेंडू अडवले, तिसऱ्यावर मुलाच्या हातात कॅच दिला. त्यानं तो घेतला आणि आनंदानं उडी मारली, मग माझ्याकडं बघून जरासा लाजला. मी बॅट काखेत मारून परत आले. बायका कडेला बसल्या होत्या. फिटरची बायको म्हणाली, "डोळे उघडे होते हो तुमचे!"

मुलांनी धावा जवळपास गाठल्या. थोड्याच राहिल्या असताना सहा-सात गडी पटापट गेले, आणि चेंडू माझ्याकडं आला. समोर बॅट घेऊन मुलगी उभी. परकर कमरेला खोचलेला, वेण्या वर बांधलेल्या.

ती दोन पावलं पुढं आली आणि हळूच म्हणाली, "आई, हळू टाकू नकोस हं."

मी खरंच हळू टाकायचं ठरवलं होतं. सगळं गाव बघत होतं, दोन महिने ही पोर उन्हात नुसती धावली होती. चार धावा केल्या तर माझं काय जाणार होतं? पण तिनं ते ओळखलं, आणि ओळखलं म्हणून मला ते करता येईना. पहिला मी जोरात टाकला. तिनं तो हे उभे होते तिकडं मारला. हे वाकले, चेंडू दोन पायांतून गेला. दोन धावा. मुलं ओरडली. दुसरा तिनं अडवला. तिसरा मी भिंतीपासून जरा लांबून टाकला, सरळ. जमीन पाण्यावाचून तडकलेली होती. चेंडू टप्पा पडून उठलाच नाही. तिच्या बॅटीखालून गेला आणि मधला स्टंप वाकडा झाला.

ती स्टंपाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. मग चालू लागली. मला पुढं जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता, पण हातात चेंडू होता आणि ओव्हर शिल्लक होती. सामना आम्ही जिंकला. किती धावांनी, ते आज आठवत नाही. मुलगा मात्र आपली टीम हरली तरी माझ्याजवळ आला आणि मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आई, भारी टाकलास."

संध्याकाळी मुलगी जेवायला बसली तरी बोलेना. मी भाकरी वाढली, तिनं घेतली. शेवटी तीच म्हणाली, "तो बॉल खाली बसला. जमीन फुटलीये तिथं."

"बसला नाही," मी म्हटलं. "तू डोकं वर केलंस."

"नाही केलं."

"केलंस. तुझं लक्ष बाबांकडं होतं. परत त्यांच्या पायांतून काढायचा होता तुला."

हे हसले. ती ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही काय हसता? तुमच्यामुळं दोन धावा मिळाल्या." मग तीही हसायला लागली. बॉल खाली बसला की तिनं डोकं वर केलं, हा वाद पुढं किती दिवस चालला. तिनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. मीही सोडलं नाही.

जूनमध्ये पाऊस आला. छावणी उठली, माणसं गुरं घेऊन गावी गेली आणि मैदानावर इतकं गवत उगवलं की खेळायला दिवाळी उजाडावी लागली. तोवर मुलगी नेवाशाच्या हायस्कुलात एसटीनं जायला लागली होती. तिथं मुलींना खो-खो होता. तिला तो आवडला आणि ती त्यात लवकरच पुढं आली. एकदा मी विचारलं, क्रिकेटची आठवण येत नाही का? ती म्हणाली, "येते. पण खो-खोत कुणी म्हणत नाही की फक्त फिल्डिंगला घेऊ." ती खंत करत नव्हती, नुसतं सांगत होती. मुलगा चार-पाच वर्षं खेळला, मग दहावीचा अभ्यास आला.

राहिले मी. हंगाम पुन्हा सुरू झाला, पाळ्या पुन्हा फिरायला लागल्या. वसाहतीत रात्रपाळीचे बाप पुष्कळ आणि एका खोलीत झोपणारे सगळेच. दुपारी कुणी ना कुणी दारात यायची. "काकू, आमच्या दोघांना नेता का? ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय." मी न्यायची. कधी सात-आठ, कधी पंधरा मुलं. मुली असायच्या, आणि बॅटिंग सगळ्यांना मिळायची, ते मी पहिल्यापासून ठरवून टाकलं होतं. पुढं गुडघा दुखायला लागला तेव्हा मी पळणं सोडलं आणि अंपायर झाले. एलबी दिला की मुलं माझ्याभोवती कोंडाळं करून भांडायची. मी म्हणायची, हळू भांडा, वसाहत झोपलीय.